कागद आहेत, पण ते जुळतात का?

निराधार योजनेचा अर्ज परत आला की घरी येऊन 'एक कागद कमी पडला' असे सांगितले जाते. फाइल उघडून पाहिली तर बरेचदा कागद सगळे असतात. आधारकार्डावर सुमन, शिधापत्रिकेत सुमनबाई, बँकेच्या पासबुकात माहेरचे आडनाव आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात पत्नी म्हणून चौथेच काही. बाई एकच असते, पण टेबलापलीकडे बसलेल्या कारकुनासमोर चौघी उभ्या राहतात.

पुण्याच्या हडपसरमध्ये हा घोळ जास्त होण्याला कारण आहे. सोलापूर रस्त्याने आलेली माणसे इथे थांबली. सोलापूर, धाराशिव, लातूर, बीडकडची कुटुंबे औद्योगिक वसाहतीत, भाजीबाजारात, बांधकामांवर आणि पुढे मगरपट्टा, अमनोराच्या सोसायट्यांमधल्या घरकामात रुजली. जन्माची नोंद एका तालुक्यात, शाळा दुसरीकडे, लग्न तिसऱ्या गावी आणि शिधापत्रिका माळवाडीच्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर. त्यात भूगोलही स्थिर नाही. साडेसतरा नळी, फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली, मांजरी बुद्रुक आणि शेवाळेवाडी २०२१ मध्ये. मग फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची स्वतंत्र नगरपरिषद झाली. मांजरीत २०१५ साली वारलेल्या माणसाची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत झाली होती, महापालिकेच्या नाही. जुने दप्तर आता कुठे ठेवले आहे, हे विचारण्यापासून दाखल्याचा प्रवास सुरू होतो.

कागद जमवण्याचे काम सगळे करतात. कागद जुळवण्याचे काम फारसे कुणी करत नाही, आणि अर्ज अडतो तो तिथेच.

आधी योजना कोणती, हे ठरवायला हवे; कारण 'निराधारचे पैसे' या एकाच नावाखाली लोक चार-पाच योजना धरतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असतानाची. अठरा ते पासष्ट वयाच्या विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित स्त्रिया, दिव्यांग, अनाथ, गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलेली माणसे असे तिचे लाभार्थी. पासष्टच्या पुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर केंद्राच्या इंदिरा गांधी यांच्या नावाच्या वृद्धापकाळ, विधवा आणि दिव्यांग निवृत्तीवेतनाच्या योजना त्यांना जोडल्या जातात. कमावता माणूस अठरा ते एकोणसाठ या वयात गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. पतीच्या दिवसकार्यात बुडालेल्या घराला ही शेवटची योजना क्वचितच आठवते.

दरमहा मिळणारी रक्कम २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००. एकवीस हजार म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला साठ रुपयेही नाहीत. हडपसरच्या एका खोलीचे भाडेसुद्धा याहून जास्त असते. ही मर्यादा आजच्या पुण्याला लाजवणारी आहे. पण नियम तो आहे आणि अर्ज त्याच चौकटीत तपासला जातो.

म्हणून पहिले काम घरीच, वहीच्या एका पानावर करायचे. डावीकडे एकाखाली एक कागदांची नावे लिहावीत: आधार, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, पतीचा मृत्यू दाखला, मुलांचे दाखले. प्रत्येकासमोर त्यावर जसे छापले आहे तसेच, एकही अक्षर न सुधारता, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता उतरवावा. आधारवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावे असतात, दोन्ही उतरवावीत. कारण बँकेचा संगणक इंग्रजी स्पेलिंग पाहतो आणि तहसीलमधला माणूस मराठी नाव. हे काम घरातल्या नववी-दहावीतल्या मुलाला द्यावे. मोठी माणसे वाचताना नकळत दुरुस्त करून वाचतात, मूल जे आहे ते लिहिते.

पान पुरे झाले की तीन प्रकारचे दोष दिसतात. पहिला नावाचा. 'बाई', 'ताई', 'अण्णा', 'राव' हे शेपूट एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. लग्नानंतर नाव बदलले पण शाळेच्या दाखल्यावर जुनेच राहिले. वडिलांचे नाव मधे की नवऱ्याचे, यातही एकवाक्यता नसते. (१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला आहे, वीस वर्षांनी यांची वहीची पाने कशी दिसतील, हे तेव्हाच्या कारकुनांनी पाहावे.)

दुसरा दोष जन्मतारखेचा. महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असलेली माणसे असंख्य आहेत. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये सुरू होई आणि वयही बेताने भरे. आधार काढताना ज्यांनी नुसते वर्ष सांगितले त्यांची तारीख यंत्रणेत १ जानेवारी झाली. मग आजीचे वय शाळेच्या दाखल्यावर चौसष्ट, आधारवर सहासष्ट आणि मतदार यादीत एकोणसत्तर. संजय गांधी योजनेत बसवायचे की श्रावणबाळमध्ये, हा प्रश्न मग कुणीच सोडवत नाही, फाइल खाली जाते.

वयाबाबत एक गोष्ट ठाम लक्षात ठेवावी. आधारकार्ड ही ओळख आहे, वयाचा पुरावा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख आधारपेक्षा वरचढ मानली. निराधार योजनांसाठी जन्म नोंदवहीतला उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेत किंवा मतदार यादीत नोंदवलेले वय, अथवा ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाच्या दर्जाच्या सरकारी डॉक्टरने दिलेला वयाचा दाखला चालतो. शाळेची पायरी न चढलेल्या आजीसाठी हा शेवटचा मार्ग खुला आहे. खासगी दवाखान्याच्या लेटरहेडवरचा वयाचा दाखला मात्र फाइलमध्ये नुसती जागा अडवतो.

तिसरा दोष पत्त्याचा. आधारवर अजून परांडा किंवा करमाळा, अर्ज हडपसरहून. पत्ता बदलायला स्वतःच्या नावाचे वीजबिल लागते आणि वीजबिल तर घरमालकाच्या नावाचे. अशा वेळी कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय आधारमध्ये २०२३ पासून आहे. मुलाच्या आधारवर हडपसरचा पत्ता असेल तर आईचा पत्ता त्यावरून बदलता येतो, फक्त नाते दाखवणारा कागद लागतो. नोंदणीकृत भाडेकरार असेल तर काम आणखी सोपे.

दोष सापडले की सगळेच दुरुस्त करत सुटायचे नाही. एक कागद मुख्य मानावा आणि बाकीचे त्याच्याकडे वळवावेत. बहुतेकांच्या बाबतीत हा मुख्य कागद आधार ठरतो, कारण पैसे त्याच्यावरूनच खात्यात पडतात. पण आधारवरचेच नाव चुकले असेल तर घाई करू नये: आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. कोपऱ्यावरच्या केंद्रात 'करून टाका काहीतरी' म्हणत एक संधी घालवलेली माणसे पुढे अडकतात. ऑक्टोबर २०२५ पासून नाव, पत्ता, मोबाइल अशा दुरुस्तीचे शुल्क ७५ रुपये आणि बोटांचे ठसे किंवा डोळ्यांच्या नोंदीचे १२५ रुपये आहे. याहून जास्त कुणी मागितले तर १९४७ हा आधारचा क्रमांक फिरवावा. तो भारत स्वतंत्र झाल्याच्या वर्षाचा आकडा असल्याने विसरत नाही.

लग्नाने बदललेल्या नावासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हा सर्वात भक्कम दुवा. ते हडपसर-मुंढवा क्षेत्रीय कार्यालयातून निघते आणि जुन्या लग्नाचीही नोंद करता येते. नवरा हयात नसेल तर मात्र हा रस्ता अवघड होतो. अशा वेळी 'सुमन, सुमनबाई आणि अमुक माहेरचे नाव या एकाच व्यक्ती आहेत' असे प्रतिज्ञापत्र आणि सोबत जुनी शिधापत्रिका उपयोगी पडते. किरकोळ फरक त्यावर भागतो, आडनाव पूर्ण वेगळे असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. राजपत्राचा अर्ज सरकारी मुद्रण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो, त्यासाठी दुकानदाराची गरज नाही.

प्रतिज्ञापत्राचा विषय निघाला की स्टँपपेपर विकणाऱ्यांची चांदी होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने शंभर-दोनशेच्या मुद्रांकाची जागा पाचशेला दिली आणि गोरगरिबांचे धाबे दणाणले. प्रत्यक्षात उत्पन्न, जात, रहिवास अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्काची माफी २००४ पासूनच आहे. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी ती पुन्हा जाहीर केली: साध्या कागदावर लिहून द्यावे. प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणण्याची धावपळही २०१५ पासून संपली आहे. स्वतःच्या सहीने, म्हणजे स्वयंसाक्षांकनाने भागते. तरी कुणी खिडकीवर पाचशेचा स्टँप मागितलाच तर शांतपणे 'तसे लेखी द्या' म्हणावे. एवढ्याने बरेचदा मागणी मागे घेतली जाते.

आता क्रम. दाखले एकमेकांवर उभे असतात आणि काहींना मुदत असते, त्यामुळे कोणता आधी काढायचा याला महत्त्व आहे. सर्वात आधी आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडावा, कारण पुढचे प्रत्येक काम ओटीपी मागते. शक्यतो तो क्रमांक अर्जदाराच्या स्वतःच्या हातात असलेल्या फोनचा असावा. मुलाने सिमकार्ड बदलले आणि आईचे पैसे अडले, असे व्हायला वेळ लागत नाही.

मग मृत्यू दाखला. तो मृत्यू जिथे झाला तिथल्या कार्यालयातून मिळतो, माणूस राहत कुठे होता याच्याशी त्याचा संबंध नसतो. हडपसरचा माणूस पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला तर नोंद महापालिकेकडे, गावी वारला तर तिथल्या ग्रामपंचायतीकडे. एकवीस दिवसांत नोंद झालेली असेल तर प्रत सहज मिळते. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटून गेले असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, आणि त्यात महिने जातात. दाखला हाती आला की तिथेच उभे राहून नावे वाचावीत. नोंदणी कार्यालयातली चूक ताजी असताना दुरुस्त होते, पाच वर्षांनी तिचाही पुरावा मागतात.

रहिवासाला वेळ लागतो म्हणून तो लगेच हाती घ्यावा. निराधार योजनांना महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे वास्तव्य लागते.  भाडेकरूंकडे पंधरा वर्षांचा एकसलग पुरावा नसतो, तुकडे असतात: मुलाच्या पहिलीतल्या प्रवेशाचा बोनाफाइड, २००९ च्या मतदार यादीतले नाव, जुने गॅस कार्ड, झोपडपट्टीचा फोटोपास, रामटेकडी किंवा वैदूवाडीतल्या घराची करपावती. हे तुकडे वर्षांच्या क्रमाने लावून वर एक साधा तक्ता जोडला तर तपासणाऱ्याचे काम हलके होते, आणि ज्याचे काम हलके झाले तो माणूस प्रश्न कमी विचारतो. गावाकडचा पुरावाही महाराष्ट्रातलाच असतो, तो टाकून देऊ नये. अट राज्यातल्या वास्तव्याची आहे, हडपसरमधल्या नाही.

उत्पन्नाचा दाखला शेवटी काढावा. तो ३१ मार्चला संपतो. फेब्रुवारीत उत्साहाने काढलेला दाखला एप्रिलमध्ये अर्ज देताना शिळा झालेला असतो. लोकसेवा हक्क कायद्यानुसार त्याची मुदत पंधरा दिवसांची आहे, पण जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशांसाठी आपले सरकार केंद्रांवर झुंबड उडते, तेव्हा तिकडे फिरकू नये. दाखल्याचा आधार तलाठ्यांचा अहवाल असतो (या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). हडपसर महापालिकेत असले तरी महसुली दप्तरात ते हवेली तालुक्यातले गाव आहे, म्हणून हे काम क्षेत्रीय कार्यालयात होत नाही. करपावती आणि जन्म-मृत्यू तिकडे, उत्पन्न आणि रहिवास महसूल खात्याकडे, शिधापत्रिका अन्नधान्य वितरणच्या परिमंडळ कार्यालयात. या तिन्हींची सरमिसळ झाली की दिवस रिक्षाभाड्यात जातो.

उत्पन्नाच्या दाखल्याला शिधापत्रिकेचा रंग छेद देतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पांढरी शिधापत्रिका एक लाखावरच्या उत्पन्नासाठी असते, केशरी पंधरा हजार ते एक लाख, पिवळी त्याखाली. नवरा कंपनीत कायम होता तेव्हाची पांढरी शिधापत्रिका त्याच्या मृत्यूनंतरही तशीच राहते आणि त्याच फाइलमध्ये एकवीस हजारांचा दाखला लागतो. दोन्ही कागद खरे असतात, पण वेगवेगळ्या काळातले. आधी मृत व्यक्तीचे नाव कमी करून शिधापत्रिका बदलून घ्यावी. कमावता मुलगा वेगळा राहत असेल तर त्याचे नावही वेगळे करावे. सोबत राहून नुसता कागदावर वेगळा झालेला मुलगा चौकशीला आलेल्या कर्मचाऱ्याला दारातच भेटतो, तो भाग निराळा.

कागद जुळूनही पैसे कुठे गेले हे कळत नाही, असा प्रसंग २०२४ च्या पावसाळ्यात लाखो बायकांनी अनुभवला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जूनअखेर जाहीर झाली, पहिली मुदत १५ जुलैची होती आणि अधिवासाच्या दाखल्यासाठी केंद्रांवर रांगा लागल्या. काही दिवसांतच सरकारने अट सैल करून पंधरा वर्षांपूर्वीची शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, शाळेचा किंवा जन्माचा दाखला यांपैकी एक चालेल असे सांगितले. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेला उत्पन्नाचा दाखलाही माफ झाला. १७ ऑगस्टला बालेवाडीत समारंभ झाला, पैसे सुटले आणि रांगा केंद्रांवरून बँकांकडे वळल्या. अर्जात एका बँकेचे खाते लिहिले होते, पैसे भलत्याच बँकेत गेले होते.

त्याचे कारण साधे आहे. थेट लाभ हस्तांतरणात (डीबीटी) पैसे अर्जातला खाते क्रमांक पाहत नाहीत, आधार क्रमांक पाहतात. एका वेळी एकच बँक आधारशी त्या कामासाठी जोडलेली असते आणि शेवटी जिने जोडून घेतली ती. खात्याला आधारची झेरॉक्स दिलेली असणे आणि खाते लाभासाठी आधारशी जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत 'आधार सीडिंग' आणि 'डीबीटी' हे शब्द उच्चारूनच विचारावे. कोणती बँक जोडलेली आहे ते 'माय आधार' संकेतस्थळावर दिसते, साध्या फोनवरून *९९*९९*१# फिरवूनही कळते. दहा वर्षांपूर्वी उघडून विसरलेले जनधन खाते इथे अचानक भेटते. त्याची केवायसी मुदतबाह्य झालेली असू शकते, दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रियही होते. शाखेत जाऊन केवायसी द्यावी आणि शंभर रुपये भरून पन्नास काढावेत. संयुक्त खाते देऊ नये.

लाडकी बहीण आणि निराधार योजना दोन्हीचे पैसे एकदम मिळत नाहीत, हेही इथेच सांगायला हवे. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा दीड हजार मिळत असतील तर ती बहीण अपात्र ठरते. दोन्ही अर्ज भरून 'जे लागेल ते' अशी वाट पाहिली तर पुढे वसुलीची नोटीस हाती येण्याची भीती असते. लाडकी बहीण योजनेनेच विधवांसमोर आणखी एक पेच उभा केला. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तीत विवाहितेला पतीच्या आणि अविवाहितेला वडिलांच्या आधारवर ओटीपी घ्यायचा होता. दोघेही हयात नसतील तर ओटीपी कुणाच्या फोनवर येणार, याचे उत्तर मिळायला काही आठवडे गेले. मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली आणि अशा बहिणींनी मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा असे ठरले. ज्यांच्याकडे तो दाखला आधीच तयार होता त्यांचे काम एका फेरीत झाले.

दिव्यांगांची वाट थोडी वेगळी आहे आणि तिथे खरोखरच ठरलेल्या तारखेला हजर राहावे लागते. वैश्विक ओळखपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडीसाठी, 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज करून रुग्णालय निवडावे लागते. हडपसरकरांना ससून सर्वोपचार रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय हे दोन ओळखीचे पर्याय. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत, त्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि पार्किन्सनही येतात. तपासणीला जाताना जुने केसपेपर, शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, श्रवणचाचणीचे आलेख सोबत हवेत. नुसत्या माणसाला पाहून टक्केवारी ठरत नाही, आणि रिपोर्ट नसले की पुढची तारीख मिळते. लाभांसाठी किमान चाळीस टक्के लागतात. ओळखपत्र पांढरे असेल तर टक्केवारी चाळीसच्या खाली आहे, पिवळे आणि निळे त्यावरचे. प्रमाणपत्र कायमचे आहे की ठरावीक वर्षांपुरते, ते मागच्या बाजूपर्यंत वाचून मुदत संपण्याआधी तीन महिने नवा अर्ज टाकावा. हाताने लिहिलेले जुने प्रमाणपत्र फेकू नये. नव्या तपासणीत तेच सर्वात जुना पुरावा ठरते.

परित्यक्ता स्त्रीकडे दाखवायला कागदच नसतो, ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वात अन्यायाची जागा आहे. घटस्फोटितेकडे न्यायालयाचा आदेश असतो, विधवेकडे मृत्यूचा दाखला. नवऱ्याने टाकल्याचा दाखला कोण देणार? पोटगीसाठी केलेला अर्ज, पोलिसांत दिलेली तक्रार, महिला साहाय्य कक्षातली नोंद, हे तिचे पुरावे. ते तिने केलेले नसतील तर आता करून ठेवावेत. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यासाठी वकील मोफत देते. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना आणि दिव्यांगांना या मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा क्रमांक.

बांधकाम मजुरांची गोष्ट निराळी. त्यांच्या कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला मागच्या वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार बदलत राहणाऱ्या मजुराला तो मिळवणे हेच मुख्य काम. काम संपताना ठेकेदाराकडून सही घ्यावी. तो पुढच्या साइटवर गेला की सापडत नाही.

प्रत्यक्ष जायच्या दिवशी मूळ कागद एका पाकिटात आणि झेरॉक्स दुसऱ्यात. झेरॉक्सचे दोन संच, कारण एक देऊन टाकायचा आणि दुसऱ्यावर पोच घ्यायची. मूळ दाखल्यांना लॅमिनेशन करू नये, शिक्का आणि कागद तपासता येत नाही. पासपोर्ट आकाराचे फोटो एकाच दिवशी काढलेले आणि मागे नाव लिहिलेले असावेत. डिजिलॉकरमधले आधार मूळ कागदाइतकेच कायदेशीर असते, पण खिडकीवरच्या माणसाला मोबाइलचा पडदा दाखवून वाद घालण्यापेक्षा छापील प्रत बरी. अर्जावरची सही पासबुकातल्या सहीसारखी करावी. अंगठा असेल तर सगळीकडे अंगठाच. नातीने शिकवली म्हणून आजीने अर्जावर पहिल्यांदाच सही केली, हे कितीही कौतुकाचे असले तरी बँक ते मान्य करणार नाही. आणि अर्जदाराने स्वतः जावे. सोबत कुणी असावे, पण प्रश्नांची उत्तरे तिने द्यावीत. मुले किती, कुठे असतात, काय करतात, घर कुणाचे, हे प्रश्न ठरलेले असतात. त्यांची उत्तरे कागदांशी जुळायला हवीत.

तहसीलच्या आवारात 'पाच हजारांत मंजूर करून देतो' म्हणणारी माणसे भेटतात. निराधार योजनेच्या अर्जांवर निर्णय तालुक्याची समिती घेते आणि तहसीलदार तिचे सचिव असतात. फाटकातल्या माणसाचा त्यात काही वाटा नसतो. मंजूर झाले तर श्रेय तो घेतो आणि नाही झाले तर 'वरून अडले' म्हणतो. आपले आधार, ओटीपी आणि पासबुक अशा माणसाच्या हाती देणे तर त्याहून धोक्याचे.

अर्ज दिल्यावर काम संपत नाही. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा पुरावा द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात. उत्पन्न किंवा अधिवासाचा दाखला मुदतीत मिळाला नाही तर लोकसेवा हक्क कायद्याखाली तीस दिवसांत पहिले अपील करता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. निराधार योजनेचा अर्ज महिनोन् महिने पडून असेल तर माहिती अधिकारात त्याची सद्यस्थिती विचारावी, शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत तीस दिवस. आणि अर्ज नाकारला असे तोंडी सांगितले तर कारण लेखी मागावे. ज्येष्ठांना या फेऱ्यांत मदत लागली तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची मोफत हेल्पलाइन आहे. मात्र यातल्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न अर्जाचा क्रमांक आणि तारीख हाच विचारला जातो, त्यामुळे शिक्का आणि तारीख असलेली पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नये.